एकतिसावा माणूस

“रक्ताला थंड पाणी. गरम लावलंत, की डाग जन्माचा सोबती.”

लाँड्रीवाल्या मावशीचं हे बोलणं गल्लीतल्या लहानथोरांना पाठ होतं. कुणाचं बोट कापलं, कुणाच्या नाकाचा घोळणा फुटला, खाटकाने आपला एप्रन टेबलावर आणून टाकला, की मावशी आधी हे म्हणायची आणि मग माणसाकडे बघायची. माणूस आपला आपण बरा होतो, कापडाला मात्र वेळेत पाणी लागतं, असं तिचं म्हणणं.

मावशीची सून त्या घरात आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने मोठ्या हौसेने खाटकाचा एप्रन उकळत्या पाण्यात बुडवला. रक्ताचे ठिपके असे काही बसले, की जणू कापडाबरोबरच विणलेले. नवं घर, नवी सासू आणि हातात गिऱ्हाइकाचं बिघडलेलं कापड. सासूने एप्रन उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

“छान शिजवलास,” ती म्हणाली. “मीठ घातलंस का?”

सुनेला हसावं की रडावं कळेना. सासूने तो एप्रन खिळ्याला अडकवला, खाटकाला मिठासकट सगळं सांगून नवा शिवून द्यायचं ठरवलं, आणि सुनेला स्टुलावर बसवलं. “बस इथे. तुला एक पिक्चर सांगते. डोक्यात राहील मग.”

तो पिक्चर सुनेने असा पहिल्यांदा ऐकला. गल्लीने तो सव्वीस वर्षं ऐकला होता.

पिक्चरमधली बाई पांढरा डगला घालते. पायघोळ, सैल बाह्यांचा, ताठ कॉलरचा. तिच्या गुरूला मारणारे चाळीस जण घंटा ओतायच्या कारखान्यात दडून बसलेले असतात. छताला शेकडो घंटा टांगलेल्या, काही वाटीएवढ्या, काही रांजणाएवढ्या. बाई सावकाश चालत आत येते, आतून कडी घालते, आणि चाळीस माना एकदम वळतात. मग प्रत्येक वाराला एक घंटा वाजते. माणूस पडतो, घंटा वाजते. दुसरा पडतो, दुसरी वाजते. पडता पडता त्या आवाजांचं गाणं होऊन जातं.

मावशी हे नुसतं सांगायची नाही. ओल्या चादरी दोरीवर असत, त्यांच्यामधून ती शिरायची. हँगर घंटा व्हायचे, पाणी शिंपडायची बाटली रक्त व्हायची. इस्त्री फुसकन वाफ सोडायची, तो बाईचा श्वास. “तलवार उपसते तेव्हा तिच्या बाहीला सुरकुती पडत नाही,” मावशी सांगायची. “एवढ्या मोठ्या बाहीला. हे सोपं वाटतं का तुम्हाला? आणि रक्त तर असं उडतं, जसा नळ फुटलाय. खोटं आहे, मलाही कळतं. पण काय देखणं खोटं आहे.”

समोरच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावून ठेवायचा आणि वस्तरा हातात घेऊनच ऐकायला यायचा. त्याचं पोट सुटलेलं, स्वभाव भित्रा, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा. त्याची मागणी ठरलेली.

“मावशी, एकतिसावा सांगा.”

“अहो, गिऱ्हाईक वाळलं तिकडे.”

“वाळू दे. एकतिसावा सांगा.”

तर हा एकतिसावा म्हणजे जाडा, घाबरट माणूस. पळताना त्याचा एक जोडा सुटतो. मग तो खालीच बसतो आणि डोळे घट्ट मिटून घेतो. बाई येते. तलवारीच्या टोकावर तो जोडा उचलते, अलगद त्याच्या पायाशी ठेवते आणि बत्तिसाव्याकडे वळते. चाळिसांत हा एकटाच वाचतो. इथे न्हाव्याचा जीव भांड्यात पडायचा, आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तोवर पापडासारखा तडकलेला असायचा.

शेवट तर सुनेला फारच आवडला. सगळं संपल्यावर बाई ओढ्यावर जाते, डगला उतरवते आणि थंड पाण्यात स्वतःच्या हाताने धुते. पाणी लाल होतं, गुलाबी होतं, नितळ होतं. ओला डगला खांद्यावर टाकून ती चालू लागते. “सगळ्या पिक्चरांमधली ही एकच बाई,” मावशी म्हणायची, “जी आपले कपडे आपण धुते.”

मावशीने त्याच बेताचा पांढरा डगला स्वतःला शिवून घेतला होता. दुकानात तोच घालायची. आणि तिचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, त्याच पिक्चरच्या दिवशी जन्मला होता. “पडद्यावर ‘समाप्त’ आलं आणि मला कळ आली,” हेही त्या गोष्टीतच बसवलेलं असायचं. मुलाने एकदा फोनवर तो पिक्चर शोधून दिला, तर तिने फोन पालथा घातला. “तळहाताएवढ्या जागेत चाळीस माणसं मरत नाहीत बाबा. गुदमरतात.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका गुरुवारी टॉकीजचा ऑपरेटर धुवायचे पडदे घेऊन आला. म्हातारा माणूस, बोलायला सावकाश. पडद्यांचं गाठोडं ठेवून म्हणाला, “मावशी, तुमचा पिक्चर सापडला. घंटांवाला. गोदामात रिळांचे डबे होते. मालक म्हणाले, जुनं मशीन काढून नवं बसायच्या आधी रविवारी दुपारी एक खेळ लावू.”

समोरून न्हावी धावत आला. खाटीक आला. दहा मिनिटांत सगळी गल्ली रविवारच्या खुर्च्या वाटून घेऊ लागली. न्हाव्याने दुपारी दुकान बंद ठेवायचं जाहीर केलं, जे त्याने सासरा वारला तेव्हाही केलं नव्हतं.

मावशीने मात्र एक पडदा उचलला, घडी घातली, मोडली, परत घातली.

शुक्रवारी तिची कंबर धरली. शनिवारी सकाळी तिला आठवलं, की हॉस्टेलच्या चादरी रविवारीच द्यायच्यात. दुपारी म्हणाली, “तुम्ही जा सगळे. माझा पाहिलेला आहे.” जी बाई त्या पिक्चरचं नाव निघालं तरी इस्त्री खाली ठेवायची, तिचं हे बोलणं ऐकून सुनेला राहवेना. गच्चीवर चादरी वाळत घालताना तिने विचारलंच.

“आई, काय झालंय?”

“काही नाही. चिमटा दे.”

“कंबर दुखतेय म्हणालात, आणि चार बादल्या वर आणल्यात.”

सासू दोन चादरींच्या मध्ये उभी होती. तिथून फक्त तिचे पाय दिसत होते. तिकडून आवाज आला. “एकोणीस.”

“काय एकोणीस?”

“एकोणीसच पाहिले मी. विसावा माणूस जिन्यावरून धावत खाली येत होता आणि मला कळ आली. तुझा नवरा. नऊ महिने थांबला, पण वीस मिनिटं थांबेना. मला खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. पुढच्या आठवड्यात पिक्चर उतरला. मी बाळंतिणीच्या खाटेवर.”

“मग विसाव्यापासून पुढे?”

“ते एकवीस माझे.”

सुनेने चादर बाजूला सारली. सासूचं तोंड इस्त्री फिरल्यासारखं सपाट झालं होतं.

“लोकांनी विचारलं, शेवट काय? आता अर्धा पिक्चर कोण ऐकतो? म्हणून एक माणूस रचला. मग दुसरा. सव्वीस वर्षं रचतेय. फोनवरसुद्धा पाहिला नाही. म्हटलं, खरा शेवट कळला तर माझा तोंडातून निघायचा नाही. आणि तो न्हावी.” तिने चादरीची कड सरळ केली. “त्याला मी काय सांगू? त्याचा तो एकतिसावा मी त्याच्याकडे बघूनच केलाय गं. त्याच्याच दुकानाबाहेर त्याचा जोडा सुटला होता, कुत्रं मागे लागलं तेव्हा.”

सुनेला खोकल्यासारखं हसू आलं, ते तिने चादरीत दाबलं. पण सासू हसत नव्हती. उद्या दुपारी पितळ उघडं पडणार होतं. गल्ली तिला खोटारडी म्हणेल, ते एक वेळ चालेल. पण पुन्हा कुणी चादरींमध्ये येऊन उभं राहणार नाही, ‘सांगा’ म्हणणार नाही. हे सुनेला न सांगता कळलं.

“आई,” ती म्हणाली, “उरलेले एकवीस बघायचे नाहीत तुम्हाला?”

सासूने चिमटा तोंडात धरला, म्हणजे बोलायला नको. डोळे मात्र लहान मुलीसारखे लकाकले.

रविवारी दुपारी मावशी निघाली, ती पांढऱ्या डगल्याला कडक खळ देऊन. कॉलर अशी ताठ, की मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. न्हाव्याने तिला मधली खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी बसला. दुसऱ्या बाजूला सून.

अंधार झाला, आणि काय सांगावं, पिक्चर खरोखरच देखणा होता. पांढरा डगला पडद्यावर आला तेव्हा सगळं थिएटर एकसुरात हं म्हणालं, ओळखीचं माणूस दारात दिसावं तसं. बाईने कडी घातली. चाळीस माना वळल्या. पहिली घंटा वाजली आणि सुनेच्या पायाच्या बोटांपर्यंत झिणझिण गेली. रक्त खरंच फुटक्या नळासारखं उडत होतं. बाहीला खरंच सुरकुती पडत नव्हती. प्रत्येक माणसाला गल्ली मोठ्याने मोजत होती, आणि पडायच्या आधीच सांगत होती तो कसा पडणार. सतरावा घंटेत डोकं अडकून पडला, तेव्हा खाटकाने खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

एकोणीस झाले. विसावा जिन्यावरून धावत खाली आला. सासूने सुनेचं मनगट धरलं.

मावशीच्या गोष्टीत विसावा जिन्याच्या कठड्यावरून घसरत यायचा. हा नुसता आला आणि मेला. एकविसावा नुसता मेला. मोजणारे आवाज बारीक झाले. न्हावी एकटा बोटांवर मोजत राहिला. सत्तावीस, अठ्ठावीस. मग बाईने गिरकी घेतली, रांजणाएवढी घंटा सुटली आणि तिच्याखाली सहा जण एकदम गेले. एकोणतीस ते चौतीस.

न्हाव्याचं बोट हवेतच राहिलं. “एकतिसावा कुठाय?” तो हळूच म्हणाला. त्याने पूर्ण वळून मावशीकडे पाहिलं. मागच्या रांगाही बघू लागल्या. मावशी समोर बघत होती. कॉलरच इतकी ताठ, की दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

चाळिसावा पडला. घंटा शांत झाल्या. बाई एका खोलीत आली, डगला उतरवला. तिथे मोठं लाकडी घंगाळ होतं, आणि घंगाळातून वाफा निघत होत्या. दाट, पांढऱ्या, सुंदर वाफा. बाईने रक्ताने थबथबलेला डगला हळूहळू त्या वाफांकडे नेला.

सुनेला खिळ्यावरचा एप्रन आठवला. ती लग्न होऊन आल्यापासून गल्लीत चढ्या आवाजात बोलली नव्हती. आता ती उभी राहिली.

“अहो, गरम नको. थंड पाणी.”

मग खाटीक ओरडला, “थंड पाणी, थंड पाणी.” मग सगळं थिएटर. बाई ऐकेना. डगला घंगाळात गेला आणि अख्ख्या गल्लीने कपाळावर हात मारून घेतला.

“गेला,” कुणी म्हणालं.

“शिजवला,” खाटीक म्हणाला. “आता मीठ घाला.”

आणि हशा असा उसळला, की ‘समाप्त’ची पाटी कुणी वाचलीच नाही.

बाहेर उन्हात सगळे मावशीभोवती गोळा झाले. न्हावी पुढे आला. “मावशी, यांनी पिक्चर कापलाय. एकतिसावा काढून टाकला.”

सुटकेचा रस्ता त्याने स्वतःच झाडून दिला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. सुनेलाही वाटलं, म्हणा हो.

“कापला नाही,” मावशी म्हणाली. “मी एकोणीसच पाहिले होते. मग पोरगा झाला. उरलेले माझ्या मनचे. एकतिसावाही.”

न्हाव्याची मान एकदा टॉकीजकडे गेली, परत आली.

“म्हणजे तो जोडा?”

“तुमचाच. कुत्र्यामागे लागला होतात तेव्हाचा.”

“कुत्रा माझ्यामागे लागला होता,” न्हावी म्हणाला. त्याच्या पोटापासून काहीतरी हलू लागलं, खांद्यापर्यंत आलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. “म्हणजे इतकी वर्षं ती बाई मलाच सोडत होती. आणि या पिक्चरवाल्यांनी मला घंटेखाली घातला. यांना धुणंही कळत नाही आणि माणूसही कळत नाही. तुम्हीच सांगा मावशी पुढेही. विसाव्यापासून.”

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “हॉस्टेलच्या चादरी भिजत आहेत सकाळपासून.”

आणि ती निघाली. धावली नाही, वळली नाही. पडद्यावरची बाई कारखान्यात शिरली होती, तसंच एकेक पाऊल मोजून टाकत रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. समोरून आलेला सायकलवाला आपोआप बाजूला झाला. उन्हात डगला असा पांढरा, की डोळे बारीक करावे लागले. वर मशीनच्या खोलीच्या खिडकीत ऑपरेटर कोपर टेकून उभा होता. खाली न्हावी होता, त्याने नकळत आपले दोन्ही जोडे पायात घट्ट आहेत का ते पाहिलं. आणि पायरीवर सून उभी होती. सासूच्या बाहीला एकही सुरकुती नव्हती. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सुनेने तेवढंच बघून घेतलं.