तळघराची फरशी

एव्हर्ट लुंडमार्कने उत्तरेकडच्या बर्फाळ हॅर्नोसांद गावात जन्मभर बस चालवली आणि न विचारता सल्ले दिले. निवृत्तीनंतर बस सुटली, खोड राहिली. आणखी राहिला तो सोमवारचा पत्त्यांचा डाव. बिर्गर आणि सिक्स्टेन हे दोघे जुने बसवाले त्याच्याकडे येत. एरवी त्याच्या दाराची घंटा वाजवायला आता कोणी येत नसे, म्हणून सोमवारवर त्याचा भारी जीव.

"माझ्या स्वयंपाकघरात तुमचा धुडगूस पुरे," एक दिवस त्याची बायको गुनवोर म्हणाली. "खाली तळघरात बसा. नाहीतर जा सिक्स्टेनकडे, त्याचं घर ऊबदार तरी आहे."

सिक्स्टेनकडे! म्हणजे डाव हातचा गेलाच. एव्हर्ट कामाला लागला.

घर त्याच्या आजोबांच्या वेळचं. तळघरात हीटर नाही, खाली उघडं सिमेंट. ओल येते का बघायला त्यावर त्याने प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून ठेवला. काही दिवसांनी उचलून बघतो तर खाली पाण्याचे थेंब. झालं, व्याख्यानाला विषय मिळाला. लाकूड? फुगणार. गालिचा? बुरशी धरणार. हे त्याने बिर्गरला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, दातांच्या डॉक्टरलाही तोंडात हत्यारं असताना सांगू पाहिलं. शेवटी गुडघ्यांवर रांगत, स्वतःच्या हाताने, त्याने करडी फरशी बसवली. एवढी अक्कल जगात आपल्यालाच कशी मिळाली, याचं त्याला मनापासून नवल वाटलं.

सोमवारी दोघे आले. सगळं गाव काढतं तसे त्यांनी दारात बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर खाली उतरले. फरशी बर्फासारखी गार. पहिला डाव संपायच्या आत सिक्स्टेनने पाय खुर्चीवर घेतले. बिर्गर बिचारा एकदा हा पाय उचले, एकदा तो.

"निघतो मी, कुत्रा वाट बघत असेल," बिर्गर म्हणाला.

त्याचा कुत्रा वसंतातच गेला होता. खड्डा एव्हर्टनेच खणला होता.

"पुढच्या सोमवारी माझ्याकडे जमू या का?" सिक्स्टेनने जपून विचारलं.

"एक संधी द्या रे," एव्हर्ट म्हणाला. असं अजिजीने बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली.

दोघे गेल्यावर तो जिन्यातच बसून राहिला. "ओलीचा विचार केला, बुरशीचा केला," तो गुनवोरला म्हणाला. "माणसांना पाय असतात, एवढंच या शहाण्याला सुचलं नाही."

"मग बूट घालू दे की त्यांना."

"घरात? बूट?" उघड्या अंगाने चर्चमध्ये जा म्हटल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या सोमवारी बिर्गर नाडी सोडायला वाकला. एव्हर्टने त्याचा खांदा धरला. "राहू दे. बूट घालूनच या."

"गुनवोर बरी आहे ना?" सिक्स्टेनने घाबरून विचारलं.

दोघे चोरासारखे चवड्यांवर खाली उतरले. पण बसले. कॉफी झाली, वेलदोड्याचे पाव झाले, पुन्हा कॉफी झाली. बुटांचा बर्फ वितळून नव्या फरशीवर चिखल पसरत होता. एव्हर्टला तो बघवत नव्हता. पत्ते पिसता पिसता सिक्स्टेनने खाली पाहिलं.

"एव्हर्ट, बूट घालूनच बसायचं होतं, तर जुन्या सिमेंटला काय झालं होतं रे?"

एव्हर्टने तोंड उघडलं. आत एकही सल्ला सापडला नाही.

"काही नाही," तो म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटला.

एवढं काय झालं म्हणून गुनवोर खाली आली. तिने खुर्ची ओढली. "मलाही वाट पत्ते," ती म्हणाली. तिच्याही पायांत बूट होते.