लाल पाटीची टाकी

"डबा मुका असतो, तोमेताई. त्याच्या वतीनं आपण बोलायचं," हे साकुझोभाऊंचं नेहमीचं वाक्य.

जपानमधल्या आकिताच्या डोंगरातल्या कागद गिरणीच्या रेल्वे फाट्यावर ते रूळ बदलणारे सांधेवाले, मी फाटकवाली. सांधा बदलला की ते बोट रोखून ओरडत, "सांधा, ठीक!" रेल्वेची शिस्तच तशी. मी कोंबडीकडे बोट करून "अंडं, ठीक!" म्हटलं की खळखळून हसत.

इंजिन डब्याला ढकलून मध्येच सोडून द्यायचं. डबा उतारानं गिरणीकडे घरंगळायचा आणि पायरीवर उभे भाऊ सगळं अंग टाकून पायानं ब्रेक दाबत तो थांबवायचे. तेलाच्या टाक्या रोज अशाच जात. क्लोरीनची टाकी मात्र इंजिनाला जोडूनच न्यायची. कागद पांढरा करणारा तो वायू बाहेर सुटला तर माणसाला दुसरा श्वास घेऊ देत नाही. तिच्यावर लाल पाटी असे.

त्या सकाळी टाकी ओल्या बर्फानं लिंपलेली होती. भाऊंनी बोट रोखलं. "लाल पाटी नाही, ठीक!" ते पायरीवर चढले आणि इंजिनाच्या ड्रायव्हरनं, मोरियानं, धक्का देऊन टाकी सोडली. माझ्या फाटकाशी हादरा बसला, बर्फाची खपली गळाली आणि लाल पाटी उघडी पडली.

"भाऊ, पाटी!"

त्यांनी वाकून पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला. रूळ संपतो तिथे माझी धाकटी बहीण किनुए आणि बायका कागदाचे गठ्ठे रचत होत्या.

"उडी मारा!" मोरिया ओरडला. भाऊ दोन्ही पायांनी ब्रेकवर चढले. चाकं किंचाळली, वेग मंदावला, पण टाकी ओल्या रुळावरून घसरतच राहिली. मी लाल बावटा घेऊन रुळाच्या कडेनं धावत सुटले.

"काय गं, अशी धावतेस, भूक लागली एवढी?" किनुए हसली.

"पळा सगळ्या! क्लोरीन!"

बायका पांगल्या. किनुएचा पाय गठ्ठ्याच्या दोरीत अडकला. मी दोरी ओढत होते आणि टाकी मोठी मोठी होत होती. मग टोकाच्या ओंडक्यावर ठक्क असा कोरडा आवाज झाला. टाकी थांबली. आम्ही श्वास घ्यायला भ्यालो. वास नव्हता.

मोरिया धापा टाकत आला. "बर्फ होता, भाऊ. कुणालाच दिसली नसती पाटी. आपण गप्प बसू."

"बर्फ होता, खरं. पण मी बघितलंच नाही, मोरिया. हात आपला उठला, तोंड आपलं बोललं. उद्याही बोलेल."

"स्टेशनमास्तर झाडू देतील हातात," किनुए म्हणाली. ती पायातली दोरी सोडवत होती.

"देऊ देत. झाडूखाली कुणी मरत नाही."

त्यांनी शिट्टी आणि बावटे मोरियाच्या हाती ठेवले, आणि रुळाच्या कडेनं, ब्रेकवर दुखावलेल्या पायानं लंगडत, स्टेशनकडे निघाले. मोरिया शिट्टी मुठीत धरून उभा होता. किनुए माझ्या खांद्याला टेकली होती. सिग्नलच्या खांबापलीकडे ते दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो.