सांगळे ड्रायव्हरांचा लॅपटॉप

कारभारी सांगळे यांना उतावीळ झालेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. उभी हयात एसटीची गाडी हाकलेला माणूस. समोर वरात आडवी येवो की मेंढरांचा कळप, मागे प्रवासी कितीही आरडाओरडा करोत, हा गृहस्थ स्टेअरिंगवर हात ठेवून रस्ता मोकळा होईपर्यंत शांत बसायचा. त्याच माणसाने त्या रविवारी सकाळी दोनदा दाढी केली. पहिली केलेली विसरले नव्हते, नुसता वेळ जात नव्हता.

नाशिकात पेठ नाक्याच्या अलीकडे त्यांचं छोटंसं घर. तिथे ते आणि पत्नी सावित्रीबाई असे दोघंच राहायचे. लेक हर्षाली इंदिरानगरला, नवरा आणि बालवाडीत जाणारा रुद्र यांच्यासह. ती आज येणार होती आणि बापलेक मिळून लॅपटॉप घ्यायला जाणार होते. लॅपटॉपची कल्पना हर्षालीचीच. तिचं सगळं ठरलेलंही होतं. वजनाला हलका हवा, चार्जिंग दिवसभर टिकायला हवं. आण्णा तो पिशवीत टाकून तिच्या घरी आणतील, सिन्नरला काकांकडे नेतील, लाइटबिल भरतील, आईला स्वयंपाकघरात कीर्तन लावून देतील. अंबडच्या कंपनीत हिशेबाचं काम करणारी मुलगी ती, तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नसायची.

मात्र कारभारींच्या मनात गेम खेळायचा मोठा, जड लॅपटॉप भरला आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

झालं होतं असं, की काही आठवड्यांपूर्वी मोबाईलवर कांद्याचे भाव बघता बघता त्यांच्यासमोर एक व्हिडिओ आला. लाल गाडी घाट चढत होती. घाट ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी चष्मा पुसला. तो त्यांच्या पेठच्या फेरीतला सावळघाट होता. पण खरा नव्हता, गेममधला होता. कुणा हौशी पोराने नाशिक ते पेठ हा अख्खा रस्ता गेममध्ये उतरवला होता, वळणांसकट, सागाच्या झाडांसकट, करंजाळीच्या फाट्यासकट. कारभारी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून तो व्हिडिओ मोबाईल तापेपर्यंत बघत बसले. मग रोजच गच्चीवर जायला लागले. सावित्रीबाईंना वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते मनावर घेतलंय. हा गेम साध्या लॅपटॉपवर चालत नाही, गेमिंगचाच लागतो, एवढं ज्ञान त्यांनी तिथेच मिळवलं.

एसटीत एक रिवाज आहे. ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी त्याची शेवटच्या फेरीची गाडी धुऊनपुसून फुलांनी सजवतात. घरची माणसं गाडीत बसतात, बायकोला पुढची सीट देतात. गाडी डेपोत परतली की ढोल वाजतो, पेढे वाटतात, भलेभले ड्रायव्हर केबिनमधून उतरताना रडतात. कारभारी अशा कितीतरी निरोपांना हजर होते आणि घरी येऊन सावित्रीबाईंना सांगायचे, "आपल्या टायमाला तू अशीच पुढं बसशील."

ते व्हायचं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तपासणीत त्यांचा डावा डोळा नापास झाला. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. मागे गाडीभर माणसं बसवून घाट चढायचा, तर दोन्ही डोळे शाबूत हवेत, हे कारभारींनीच सगळ्यांच्या आधी मान्य केलं. त्यांना डेपोत टेबलाचं काम मिळालं. रिटायर झाले तेव्हा ऑफिसात शाल, नारळ, चहा, सगळं रीतसर झालं. पण तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी पेठची फेरी केली होती आणि ती आपली शेवटची, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यामुळे तिच्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. रोजच्यासारखी फेरी, रोजच्यासारखी विसरलेली. हे त्यांना फार लागलं होतं आणि कुणाजवळ बोलावं असं ते दुखणं नव्हतं. आता एकच फेरी, पण नीट लक्ष देऊन करायला मिळणार होती. म्हणून ही दोनदा दाढी.

कॉलेज रोडवरच्या दुकानात सुयश नावाच्या विक्रेत्याने हर्षालीला हवा तसा लॅपटॉप पुढे ठेवला. कारभारींनी तो एका हाताने उचलला. शाळेतल्या पाटीएवढा होता, उघडून बघितला तरी आवाज म्हणून नाही.

"बघा आण्णा, किती सुरेख आहे," हर्षाली म्हणाली.

"सुरेख हाय," कारभारी म्हणाले. पण त्यांचे डोळे पलीकडच्या टेबलावर गेले होते. तिथे एक काळाभोर जाडजूड लॅपटॉप कीबोर्डमधून लाल-निळे दिवे फेकत बसला होता. शेजारी स्टेअरिंग जोडलेलं, टेबलाखाली पायाशी पेडल. कारभारी तिकडे सरकले.

"आन ह्यो?"

"तो गेमिंगचा, काका. ताकद भरपूर, पण वजन जास्त, आणि चार्जर म्हणजे वीट आहे नुसती. चार्जिंग लवकर उतरतं, पंखाही आवाज करतो." सुयश सरळ मनाचा होता, त्याने काही झाकलं नाही. "घरात गेम कोण खेळणार आहे?"

"नातू हाय ना, रुद्र," कारभारींनी ठोकून दिलं.

"आण्णा," हर्षाली म्हणाली, "रुद्र अजून बूट उलटे घालतो."

"मग काय झालं? मोठा हुईलच की कवातरी."

दुकानात गर्दी नव्हती. सुयशने मोठ्या लॅपटॉपवर ट्रकचा गेम लावला आणि खुर्ची पुढे केली. हर्षालीलाही गंमत वाटली. "बसा बसा, तुमचंच खातं आहे," ती म्हणाली. एवढंच निमित्त हवं होतं. कारभारी बसले, खुर्ची पुढेमागे करून नीट बेतली, क्लच किती खोल जातो ते दाबून पाहिलं आणि ट्रक रस्त्यावर काढला. रस्ता कुठल्याशा परदेशातला होता. समोरून एक टँकर थेट अंगावर आला. त्याला चुकवतात तोच दुसरा.

"ही समदी माणसं राँग साईडनं का येत्यात?"

"काका, तिकडे उजवीकडून चालवतात. राँग साईडला तुम्ही आहात."

दुकानात हशा पिकला. कारभारीही हसले, उजव्या बाजूला गेले आणि मग मात्र त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. उतारावर गिअर खाली घेतला तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला आणि तो बदल त्यांना तळपायात जाणवल्यासारखा वाटला. पाठ आपोआप ताठ झाली. दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून मागे येऊन उभी राहिली. वर्षानुवर्षं पेटीत घडी घालून ठेवलेलं काहीतरी कुणी झटकून बाहेर काढावं, तसं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी तोच गेम त्या हलक्या लॅपटॉपवर लावायला सांगितला. तिथे ट्रक धक्का मारून चालू केल्यासारखा आचके देत चार हात गेला आणि जागच्या जागी थिजला.

"असू दे ना, आण्णा," हर्षाली हसून म्हणाली. "तुम्हाला कुठे घरी बसून ट्रक चालवायचाय?"

मागची गिऱ्हाइकंही हसली. तिच्या बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं, पण कारभारींचे कान तापले. डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस आणि पोरांच्या खेळण्याला भुललाय. ते खुर्चीवरून उठले.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "हलकाच द्या."

सुयश खोकं आणायला आत गेला. हर्षाली पर्समध्ये कार्ड शोधू लागली. कारभारी काचेच्या दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. सकाळपासूनचं सगळं उधाण ओसरलं होतं. आता घरी जायचं, लाइटबिल कसं भरायचं ते शिकायचं, आणि तो व्हिडिओ परत कधी उघडायचा नाही. हा शेवटचा विचार काही त्यांना सोसला नाही. ते तरातरा परत आले.

"थांब. हर्षे, मला पेठला जायचंय."

"जाऊ की. पुढच्या रविवारी जाऊ, आमची गाडी आहे."

"तसं नाय. गाडी मी चालवणार. एसटी." आणि मग कारभारींनी तिथेच, काउंटरला हात टेकून, सगळं सांगून टाकलं. गच्चीवरचा व्हिडिओ सांगितला, गेममधला सावळघाट सांगितला. शेवटची फेरी कोणती ते कळलंच नाही, म्हणून ती लक्षातच राहिली नाही, हेही सांगितलं. "लोकाला निरोप असतो. मला माझाच घेता आला नाय. एक डाव नीट जाऊन येतो, बस. मंग तू म्हणशील तितकी बिलं भरतो."

हर्षाली कार्ड शोधायची थांबली. टेबलाच्या कामावर आण्णा मजेत आहेत, उन्हातान्हातून सुटले, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

हर्षालीने सुयशच्या हातातलं खोकं बघितलं आणि मान हलवली. "तो मोठा द्या. ते स्टेअरिंगही द्या. आणि त्यावर ते पेठचं काय आहे, तेही घालून द्या." मग ती वडिलांकडे वळली. "पण वजन बघा हं. नंतर माझ्याकडे यायला कुरकुर चालणार नाही."

"मला वजन सांगतीस? एकट्यानं एसटीची स्टेपनी बदलायचो मी." कारभारींनी खोकं सुयशला उचलूच दिलं नाही. ते छातीशी धरून दुकानाबाहेर पडले तेव्हा त्यांचं तोंड लग्नघरातल्या पोरासारखं फुललं होतं.

"आणि आईला तुम्हीच सांगायचं," मागून हर्षाली म्हणाली.

सावित्रीबाई दारातच होत्या. "दळण आणलं का काय?" त्यांनी विचारलं. मग खोक्यातून एकेक वस्तू निघू लागली तशा त्यांच्या भुवया चढत गेल्या. "हर्षी हलका आणणार व्हती ना? ह्ये धूड ठेवायचं कुठं? आन ह्ये चाक कशाला?"

"गाडी चालवायला," कारभारी म्हणाले. सांगायची सगळी जुळवाजुळव रस्त्यात केली होती, पण तोंडातून एवढंच निघालं. "पेठला जातोय."

"जा खुशाल," म्हणून सावित्रीबाई भाकरी थापायला आत गेल्या.

जेवणाच्या टेबलावर हर्षालीने सगळं जोडून दिलं. पडद्यावर नाशिकचा स्टँड आला, लाल गाडी आली, इंजिन घरघरायला लागलं. कारभारींनी आरसे बघितले, पहिला गिअर टाकला आणि ते थांबले. थांबले ते थांबलेच.

"आण्णा, निघा की," हर्षाली म्हणाली.

कारभारी हलेनात. सावित्रीबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "काय झालं? बिघडलं का लगीच?"

"बेल नाय झाली," कारभारी ओशाळून म्हणाले. एसटीत कंडक्टरने दोन बेल दिल्या की निघायचं, एक दिली की थांबायचं. दोन बेल झाल्याशिवाय त्यांनी जन्मात गाडी हलवली नव्हती. गेममध्ये सगळं होतं, कंडक्टर तेवढा नव्हता. "कळतंय मला, ह्यो खेळ हाय. पण पायच उचलना."

सावित्रीबाईंनी पडद्यावरची लाल गाडी बघितली. मग हळूच म्हणाल्या, "ही ती फेरी का? मला पुढं बसवणार व्हता, ती?"

कारभारींनी मान डोलावली. ही गोष्ट तिच्या लक्षात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

सावित्रीबाईंनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि टेबलावरचा पेला घेऊन त्याच्यावर चमच्याने दोनदा वाजवलं. गाडी निघाली. नाका मागे पडला, रामशेजचा डोंगर आला, भातशेतं आली. कारभारी एकेक वळण सावकाश घेत होते आणि हर्षाली भिंतीला टेकून त्या दोघांकडे बघत होती. सावळघाट अर्धा चढून झाला असेल, तोच पेल्यावर एकदाच टण्ण वाजलं. कारभारींनी तत्काळ ब्रेक लावला.

"काय गं, भाकरी राहिली का तव्यावर?"

"नाय," सावित्रीबाई म्हणाल्या. त्या पडद्यावरच्या दरीकडे बघत होत्या. "जरा थांबा हितं. रोज पहाटं घर सोडून तुम्ही कुठं जायचा, ते मी कवा पाह्यलंच नाय."

कारभारींनी हँडब्रेक ओढला आणि बोटाने दाखवत तिला एकेक जागा सांगायला लागले.