दर्याला दिलेल्या बांगड्या

आमच्या घरात दिवा कधी विझला नाही, तो शांत झाला. नारळ फोडला नाही, वाढवला. मंगळसूत्र तुटलं, असं तर कुणाच्या तोंडून निघायची सोय नव्हती. माझ्या मुंबईच्या सुना हसतात. म्हणतात, "अहो आई, विझला तर विझला म्हणावं की." मी म्हणते, म्हणा बायांनो, जीभ तुमची. पण देवाधर्माच्या वस्तूला कसा शब्द लावायचा, हे मला माझ्या आईने शिकवलं, आणि तिच्यासारखी बाई तुम्ही पाहिलेली नाही.

बापूस तांडेल होता, मचव्याचा प्रमुख. मुरुडजवळ आमचा कोळीवाडा. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, तरी मचव्यांना यंत्र नव्हतं, सगळा भरवसा शिडावर. त्या वर्षी नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला. 'दिला'च म्हणायचं. 'फेकला' म्हणणाऱ्याला आई जेवायला वाढायची नाही. मग मचवे बाहेर पडले आणि भाद्रपदाच्या मध्याला वादळ झालं. आमच्या खलाशांना दुसऱ्या मचव्याने उचललं. तांडेल शेवटपर्यंत सुकाणू धरून होता, असं ते सांगत आले. पण बुडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

आईने देव्हाऱ्यातले पितळी देव उचलले आणि पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवले. मागणं पुरं होईस्तोवर देवांनी पाण्यातच राहायचं, अशी रीत. आपला माणूस पाण्यात आणि देव कोरडे, हे तिला चाललं नसतं.

आत्या, म्हणजे बापसाची थोरली बहीण, रोज येऊन बसायची. तिने आगरदांड्यापर्यंत माणसं धाडून चौकशी केली होती. भावासाठी तिचंही काळीज तुटत होतं, पण तोंड म्हणजे तोफखाना.

"घट बसायला आले. किती दिवस ठेवणार गो देव पाण्यात? काढ त्यांना. आणि बांगड्या वाढवायचं बघ. लोक बोलाय लागलेत."

"वन्सं, तो शब्द माझ्या घरात न्हाय बोलायचा," आई म्हणाली.

"मी काय फोड म्हटलं? वाढव म्हटलं."

"गोड शब्द लावला म्हणून दगड हलका होत न्हाय."

मला इतका आनंद झाला की मी मध्येच तोंड घातलं, "आत्ये, तुला कसली घाई झालीय?" आईने मलाच झापलं. मोठ्यांना उलट बोललेलं तिला खपत नसे.

आमच्यात नवरी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते. माझ्या घरवाल्याला सांभाळ, असं सांगून. मग जन्मभर बांगड्या डाव्याच हातात. बाजारात भातशेतीवाल्यांच्या बायका आमच्या मोकळ्या हाताकडे बघून कुजबुजत. आई मुद्दाम त्याच हाताने मासळी उचलून दाखवी.

घट बसायच्या आदल्या दिवशी काशीदच्या वाळूत बापूस सापडला. कमरेच्या चांदीच्या करगोट्यावरून ओळखला. त्याला अग्नी देऊन माणसं परतली आणि वाड्यातल्या बाया आमच्या ओटीवर जमल्या. आत्याच्या हातात बांगड्या वाढवायचा दगड होता आणि ती रडत होती.

सुतकात देवाला हात लावायचा नसतो. म्हणून आईने आधी शेजारणीला सांगितलं, "देवांना बाहेर काढ आणि नीट पुस. आमच्यासाठी भिजले बिचारे." मग तिने हाताला खोबरेल चोळलं आणि एकेक बांगडी उतरवायला लागली. हिरवी काच, वर्षानुवर्षं मनगटाला बसलेली. सालटं निघाली, रक्त आलं, पण एकही बांगडी तडकू दिली नाही. सगळ्या ओच्यात घेऊन ती किनाऱ्याकडे निघाली. आम्ही मागे. कुणी अडवलं नाही, अडवणार कोण?

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. "लग्नात एक हात तुला दिलता," ती दर्याला म्हणाली, "आता हा दुसरा. माणूस सांभाळला न्हायस, ह्या तरी सांभाळ."

आत्या थोडा वेळ काठावर उभी होती. मग दगड वाळूत टाकून ती पाण्यात शिरली आणि तिने आईचं कोपर धरलं. मी हमसून रडले, पण खरं सांगते, त्या रडण्यात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता.

दिवस-कार्य आटोपल्यावर आई पाटी घेऊन बाजारात बसली. मी शेजारी. नेहमीची एक गिऱ्हाईक बाई आली, दोन्ही हातांकडे बघून हळहळली. "फुटल्या गं बाई बांगड्या?"

"फुटल्या न्हाईत. दिल्या," आई म्हणाली आणि त्याच उघड्या हाताने बोंबलांचा वाटा उचलून तिच्यापुढे धरला. "ताजे हायेत. घेणार काय?"