यमूची हळद

प्रिय मिहिर आणि सई, मी कर्जत स्टेशनाबाहेर रिक्षात बसले आणि तुमचंच गाणं लागलं. 'यमूला हळद लागली गं'. ज्यावर नाचून तुम्ही नेटवर व्हिडिओ टाकलात आणि मलाही पाठवलात, तेच. मी रिक्षावाल्याला कौतुकाने सांगितलंसुद्धा, "माझी नातवंडं परदेशात यावर नाचतात!"

आमच्याकडे अनेक वर्षं स्वयंपाक केलेल्या सुमनच्या मुलीची, काजलची, हळद होती. गाव खालापूरच्या अलीकडे. चौकला, जुन्या हायवेवर, रिक्षा पंक्चर झाली. गॅरेजसमोरच्या बाकावर चहा घेऊन पुढे निघालो.

सुमनने पोहोचताच तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मांडवात स्पीकर घराच्या छपराएवढे उंच. तिथेही तेच गाणं. काजल पाटावर बसली होती, नवरदेवाकडून आलेली उष्टी हळद समोर होती, आणि धवलारीण (लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई) लक्ष्मीबाई मांडवाबाहेरच थांबल्या होत्या. धवलारिणीने गायल्याशिवाय इथे नवरीला हळद लागत नाही.

"आधी ते बंद कर. मंग पाय ठेवते," त्या डीजेवाल्याला म्हणाल्या.

"मावशे, तुजाच तर आवाज हाय! पोरं नाचतायत, बघ तरी."

"आवाज माजा, आन् पोर पन माजीच हाय रं."

त्यांच्यामागे एक सडपातळ मुलगी मान खाली घालून उभी होती. ती यमू. सुमनने मला हळूच सगळं सांगितलं. धवलारिणीच्या गाण्यात नवरीचं नाव घ्यावंच लागतं, बिननावाचं गाणं म्हणत नाहीत. चौकच्या स्टुडिओत हे गाणं रेकॉर्ड करताना समोर नवरीच नव्हती. तोंडात लेकीचं नाव आलं, तेच लक्ष्मीबाईंनी घेतलं. आता तालुक्यातल्या प्रत्येक मांडवात यमूला हळद लागते. तिला आलेलं स्थळ "हिची किती लग्नं झाली?" असं हसत विचारून परत गेलं.

"गाणं काढणाऱ्या कंपनीला सांगितलं नाही?" मी लक्ष्मीबाईंना विचारलं.

"सांगितलं. म्हनतात, गानं तुमचं नाय, आमचं हाय."

"मी इंग्रजीत पत्र लिहून देते."

"लिवा, बाई. पन आज काय करू?"

नवरदेवाची मावशी कडाडली, "हळद सुकली गं आमची! गा, नायतर वाजवा, कायतरी एक करा!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. डीजेवाल्याने आवाज आणखी वाढवला. सुमन हातातलं ताट तसंच घेऊन लक्ष्मीबाईंकडे धावली. धवलारीण परत गेली असती, तर लेकीची हळद तशीच राहिली असती.

तेवढ्यात काजल पाटावरून उठली. बायका ओरडल्या, "बस गं, बस! हळदीची नवरी उठते का कदी?"

"माज्या हळदीला यमूचं नाव कशाला? माजं घ्या!"

डीजेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गाणं बंद केलं.

लक्ष्मीबाई आत आल्या. चिरकत चाललेला, पण खणखणीत आवाज. गावदेवीचं नाव घेतलं, मग काजलचं. तुमच्यासाठी रेकॉर्ड करायला मी फोन काढला, तर यमू माझ्याकडेच पाहत होती. मी फोन पिशवीत टाकला. नंतर तिने येऊन माझ्याही गालांना हळद लावली.

परतताना तीच रिक्षा, तेच गाणं.

"बंद करता का जरा?"

"का वो आजी? नातवंडं नाचतात ना?"

"नाचतात. पण यमू आता माझ्या ओळखीची आहे."

त्याने आवाज कमी केला. बंद नाही केला.

कंपनीला पत्र मी लिहिते आहे. काय उत्तर येईल, कोण जाणे. तुम्ही मात्र तो व्हिडिओ काढून टाका. एका तरी मांडवातून यमू सुटेल.