मॅनेजरची दाढ

दातकाकांनी जन्मभर माणसांचे दात काढले. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनीच उपटलेल्या, त्यामुळे ते समोरून आले की भलीभली माणसं नकळत तोंड मिटून घ्यायची. काकांचा एक ठाम सिद्धांत होता. दुखलं की माणूस बोंबलतो. तोंड गप्प, म्हणजे तोंड ठीक.

बायको गेली आणि घरात दोघंच उरले, काका आणि तिने पाळलेला कुत्रा. साऱ्या घरावर देखरेख ठेवतो म्हणून तिनेच त्याचं नाव मॅनेजर ठेवलं होतं. ती गेल्यापासून त्याने एक काम आपणहून अंगावर घेतलं. रोज सकाळी फाटकातला पेपर तोंडात धरून आणायचा, काकांच्या पलंगापाशी ठेवायचा आणि ते उठेपर्यंत हलायचा नाही. खरं सांगायचं तर काकांना उठायला तेवढंच एक कारण उरलं होतं.

मग मॅनेजरने खाणं सोडलं. वाटीपाशी जायचा, हुंगायचा, माघारी फिरायचा.

"म्हातारा झालाय गं," काका मुलीला फोनवर म्हणाले. "तुझ्या आईमागे जायचं ठरवलंय त्याने. जाऊ दे शांतपणे."

मुलगी कसली ऐकते! आली ती तडक दोघांनाही गाडीत कोंबून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी मॅनेजरचा ओठ अंगठ्याने वर उचलला. "या काका, तुम्हीच बघा."

काका सवयीने वाकले आणि गार पडले. वरची मोठी दाढ उभी चिरलेली, हिरडी पिकलेली, आत पू. असलं तोंड घेऊन एखादा पैलवान त्यांच्या खुर्चीत बसला असता, तर त्याने अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती.

"कधीपासून असेल हे?"

"काही महिने तरी. कुत्री-मांजरं सांगत नाहीत, काका. दुखणं लपवतात आणि आपलं काम करत राहतात."

काम! काकांना पेपर आठवला. अलीकडे तो ओला यायचा, कडेला तांबूस डाग असायचे. छपाई बिघडली म्हणून त्यांनी छापखान्याच्या नावाने बोटं मोडली होती. त्या दाढेनिशी हा रोज पेपर आणत होता. आज सकाळीसुद्धा आणला होता. केवढं सोसलं या जनावराने, आणि आपल्याला जन्मभर तोंडं बघून काय दिसलं!

"भूल द्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "हृदय थकलंय, धोका आहे. पण नाही काढली तर उपाशी मरेल."

"काढा. मी मात्र आत उभा राहणार."

बाईंनी दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक मूळ न मोडता अलगद सोडवलं. काकांची बोटं हवेत त्यांच्याबरोबर फिरत होती. मधेच यंत्राच्या पडद्यावरची, हृदयाचे ठोके दाखवणारी रेघ मंदावली. बाईंचे हात थांबले. काकांनी मॅनेजरचा पंजा घट्ट धरला.

"अरे, मला उठवणार कोण?" ते पुटपुटले.

बाईंनी औषध टोचलं. रेघ हळूहळू सावरली.

घरी आणल्यावर मॅनेजर गादीवर गाढ झोपला. सकाळी काका पहिल्यांदाच स्वतः फाटकापर्यंत गेले. पेपर आणून त्यांनी त्याच्या गादीपाशी ठेवला, गुडघे कुरकुरत असताना फरशीवरच बैठक मारली, आणि तो उठेपर्यंत हलले नाहीत.