समोर बघणारी मुलगी

ओळखपत्राच्या फोटोसाठी लहान मूल घेऊन येणारे आईबाप बहुधा घामाघूम होऊनच येतात. मूल समोर बघत नाही, आणि समोर न बघणाऱ्याचा फोटो कुठलेच कार्यालय स्वीकारत नाही. त्या अरुंद स्टुडिओतली फोटोग्राफर बाई मात्र कधी घाई करत नसे. कॅमेऱ्याशेजारी किंचित वाकून ती जीभ टाळूला लावून ‘टक्’ असा आवाज काढी, भिंगाच्या कडेशी एक बोट हलवी, आणि मूल बघते न बघते तोच बटण दाबलेले असे. हातात जादू आहे, असे गिऱ्हाइके म्हणत. “जादू कसली? क्षणभर पुरतं,” हे तिचे ठरलेले उत्तर.

या कसबाचा ठळक पुरावा दुकानाच्या दर्शनी काचेत लावलेला होता: तिच्याच मुलीचा मोठा फोटो. मुलगी दोन वर्षांची. भिंतीला खांदा घासत कडेकडेने चालायची, म्हणून घरात तिचे नाव मुंगी पडले. फोटोतली मुंगी थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. घरातली मुंगी कोणाच्याच डोळ्यांत बघत नव्हती. हाकेला वळत नसे. बोटाने काही दाखवले, तर ते बोटही तिच्या खिजगणतीत नसे. दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड, ती एका मोडक्या खुर्चीचे चाक तासन्‌तास फिरवत बसे. आईला हे दिसत होते. पण शंका काढली, की सासूबाई काचेकडे हात करत.

“ती बघ! डोळ्याला डोळा भिडवून बघतेय. काय झालंय हिला? हिचा बाप चौथ्या वर्षी बोलायला लागला, आणि आता गप्प बस म्हणावं लागतं!”

लस टोचताना परिचारिकेने मुंगीकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि स्वमग्नतेची प्राथमिक चाचणी घरीच घेता येईल असे एक ॲप फोनवर घालून दिले. मूल कोणाच्या तरी मांडीवर बसवायचे, फोन समोर टेकवायचा. पडद्यावर बुडबुडे, खेळणी, बोलणारी बाई अशी दृश्ये चालतात, आणि मूल कुठे बघते ते फोनचा कॅमेरा टिपतो. मध्ये खूण झाली, की बाजूने एकदा नावाने हाक मारायची. बाकी आवाज नको, हातवारे नकोत. फोन निदान करत नाही, ते तज्ज्ञच करतील, हेही परिचारिकेने बजावले होते. मात्र बालविकास केंद्रात रांग लांब होती. ॲपने शंका दाखवली, तर तारीख लवकर मिळणार होती. नाहीतर सहा महिन्यांनी बघू.

चाचणी दुकानातच झाली. डिलिव्हरी व्हॅन चालवणारा नवरा मुंगीला मांडीवर घेऊन बसला. फोन कॅमेऱ्याच्या तिवईवर लावला होता, आणि बाई तिवईशेजारी उभी राहिली. एरवी तरी ती दुसरीकडे कुठे उभी राहत होती? खूण झाली, तिने हाक मारली, आणि हाकेच्या शेपटालाच टाळूवरून ‘टक्’ निघून गेले. मुंगीने मान वळवली. बोलणारी बाई पडद्यावर आली, तेव्हा कडेशी बोटही हलले असावे. बोटाबद्दल तिला आज खात्रीने सांगता येत नाही. शेवटी हिरवी खूण उमटली: सध्या काळजीची लक्षणे दिसत नाहीत.

“सुंठीवाचून खोकला गेला!” असे म्हणत सासूबाईंनी ती हिरवी खूण सगळ्या नातेवाइकांना पाठवली. नवऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्याच दिवशी एक बाळ फोटोला आले. टक् झाले, बाळाने बघितले, फोटो निघाला. मग बाळाने आवाज काढणारीचा चेहरा शोधला, ते हसले, आणि ‘पाहिलंस का?’ असे विचारावे तसे मागे वळून आपल्या आईकडे बघू लागले. बाईचा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला. मुंगी आवाजाकडे बघत असे; आवाजामागचा माणूस तिने कधी शोधला नव्हता. निघताना बाळाच्या आईने काचेकडे बोट केले. “अगदी तुमच्या मुलीसारखा आलाय हो!”

आठवडाभर ती काही बोलली नाही. बोलावे, तर नवऱ्याच्या चेहऱ्यावर आलेला तजेला आपल्याच हाताने पुसायचा. न बोलावे, तर सहा महिने त्याच काचेसमोरून ये-जा करायची. पडद्याआडच्या घराला दुसरे दार नव्हते.

शेवटी दुपारच्या जेवणाला तिने सांगून टाकले. “त्या दिवशी मी टक् केलं होतं.”

“कधी?” नवऱ्याने विचारले.

“हाक मारली तेव्हाच. हाकेला नाही वळली ती.”

“कशाला का होईना, वळली ना?”

“टक् केल्यावर शेजारचं मांजरसुद्धा वळतं.”

“म्हणजे आता पुन्हा करायची? हात दाखवून अवलक्षण!”

“मग सहा महिने काय करू? टक् टक् करत तिच्यामागे फिरू?”

त्याने ताट सरकवले. हात धुऊन आला आणि खुर्ची तिवईसमोर ओढली.

शटर अर्धे ओढून घेतले. सासूबाई पडद्याशी उभ्या होत्या. खूण झाली. तिने हाक मारली आणि जीभ दातांखाली धरली. मुंगी बुडबुडे बघत राहिली. “अगं, कर ना टक्! बघेल ती!” असे सासूबाई ओरडल्याचे नवरा-बायको दोघेही सांगतात. आपण अवाक्षरही काढले नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. या वेळी खूण पिवळी आली: तज्ज्ञांना भेटा.

“दोन्ही वेळेला फोनच बोलला,” नवरा म्हणाला. “खरं कुठलं धरायचं?”

“पहिल्या वेळी पास मी झाले होते.”

तिने निकाल परिचारिकेला पाठवला, त्याखाली पहिल्या चाचणीत काय घडले तेही लिहिले. संध्याकाळी उत्तर आले: पुढच्या महिन्याची तारीख मिळेल.

“आता लोकांना काय सांगायचं?” सासूबाई म्हणाल्या. “आणि तो काचेतला फोटो? काढणार का?”

“राहू दे. गिऱ्हाईक त्याच्यावरच येतं.”

तेवढ्यात शटरवर थाप पडली. बाहेर एक जोडपे होते, कडेवर रडून लाल झालेले मूल. “फोटो हवा होता, ताई. हा समोर बघतच नाही हो.”

तिने मुलाला स्टुलावर बसवले, दिवे लावले, कॅमेऱ्याशेजारी वाकली. पडद्याआड चाक फिरत होते. तिने टक् केले. मुलाने समोर बघितले. त्याच क्षणी चाक थांबले, आणि पुन्हा फिरू लागले.